मंडळाची भांडी आणि वहिनीचा डेटाबेस

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या बी.कॉम.च्या नावाखाली, आणि मी त्याच्यावर पत्ते खेळायचे. पंचवटीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, तो सुटे भाग जुळवून तयार केलेला डबा बसवला होता. आईने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि झाकणाची नीट घडी न करता कुणी बटण दाबलं तर तिला खपायचं नाही. दादाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि त्या झाकणाखाली काय आहे हे खऱ्या अर्थाने कळणारं माणूस घरात पहिल्यांदाच आलं. पण ते आमच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला, कारण वहिनी स्वतःहून काही सांगणाऱ्यातली नव्हती.

वहिनी देवळ्याची. घरचा कांदा, आणि पदवी कॉम्प्युटरची. तिच्या कॉलेजात मशिनं कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे डेटाबेस हा विषय ती जवळजवळ सगळा वहीवरच शिकली होती. कुठली माहिती कुठल्या टेबलात, म्हणजे रकाने पाडलेल्या तक्त्यात, ठेवायची, कशाला कशाशी जोडायचं, याच्या आकृत्या ती झोपेतही काढू शकली असती. डेटा मॉडेलिंग म्हणजे नक्की काय, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, घर लावतो तसंच. प्रत्येक वस्तूला एकच जागा, आणि ती जागा बाकी सगळ्यांना ठाऊक असली पाहिजे. मी आमच्या घराकडे बघितलं आणि हा विषय आपल्याला झेपणारा नाही हे ओळखलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीला माणसं हवी होती. दादाने जाहिरात आणून दिली आणि वहिनी परीक्षेला गेली. कागदावरचा भाग तिने सगळ्यांच्या आधी संपवला. मग मशीनपुढे बसवून सांगितलं की हीच टेबलं आता बनवून दाखवा. तिने आज्ञा टाइप केली, एक स्वल्पविराम राहिला, मशीनने चूक दाखवली. तिने तो घातला तर मशीनने दुसरीच चूक दाखवली. पुढे पुढे तिचे हात कीबोर्डवर नुसते ठेवलेले राहिले. परीक्षा घेणाऱ्या मॅडम भल्या होत्या. कागदावरचं काम चांगलं आहे, दिवाळीनंतर आम्ही पुन्हा माणसं घेणार आहोत, तेव्हा हात बसवून या, असं त्यांनी सांगितलं. पण तिसऱ्यांदा बोलावणार नाही, हेही सांगितलं.

हे सगळं तिने मला संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं. रडत वगैरे नव्हती. मेथीच्या काड्या मात्र नको तितक्या जोरात मोडत होती.

“ताई, मला सगळं येतं. पण मशीन नाही म्हणालं की माझं डोकंच बंद पडतं,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर एकदा जाईन. तेव्हाही असंच झालं तर डिग्री पेटीत ठेवून देईन. परत नाव नाय काढणार.”

मला वाईट वाटलं आणि त्या मशीनचा रागही आला. एवढ्या हुशार बाईला एका स्वल्पविरामापायी अडवणारं ते कोण लागून गेलं होतं? मी तिथल्या तिथे पत्त्यांवर पाणी सोडलं आणि दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर तुझा, असं जाहीर केलं. ती म्हणाली, नुसता कॉम्प्युटर नको, त्याच्यात डेटाबेस पाहिजे. घरातच, स्वतःचा, कितीही वेळा मोडला तरी कुणी ओरडणार नाही असा.

फुकट मिळणारा एक डेटाबेस इंटरनेटवर होता. पण आमच्या घरी इंटरनेट कुठलं असायला? माझ्या लुनावर डबलसीट बसून आम्ही कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेलो. तो उतरवून घ्यायला दुपार गेली, मग त्याची सीडी करून घेतली, आणि कसा बसवायचा याची इंग्रजी पानं छापून घेतली. घरी येऊन सीडी घातली. बसला म्हणे, पण सुरू होईना. वहिनी पानं वाचायची, एक गोष्ट बदलायची, पुन्हा सुरू करून बघायची. मी शेजारी बसून उसासे सोडायचे. आईने चहा ठेवत विचारलं की तो सर्व्हर सर्व्हर म्हणता तो असतो कुठे, पुण्याला का? वहिनी म्हणाली, नाही आई, इथेच, आपल्याच मशीनमध्ये. मग घरातल्याच माणसाला एवढ्या हाका कशाला मारताय, असं म्हणून आई आत गेली.

आणि एका सकाळी तो उठला. काळी खिडकी, तिच्यात एक पांढरी ओळ, आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. वहिनीने मात्र पदराला हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि पहिली आज्ञा टाइप केली. मशीनने ताबडतोब चूक दाखवली. तिचे हात थांबले, परीक्षेत थांबले होते तसेच. मग तिने एक गोष्ट केली, जी मला तेव्हा साधी वाटली आणि आता फार मोठी वाटते. ती चुकीची ओळ तिने मोठ्याने वाचली, आणि मला सांगायचं म्हणून तिचं मराठी केलं. ‘मला इथपर्यंत कळलं, इथून पुढे कळलं नाही,’ असं म्हणतंय, ती म्हणाली. मी म्हटलं, मग ते रागावलेलं नाही, अडलेलं आहे. त्या दिवसापासून मशीनचं प्रत्येक ‘नाही’ आमच्या बाहेरच्या खोलीत मराठीतून वाचलं जाऊ लागलं.

हात बसायला लागले तशी पुस्तकातली उदाहरणं तिला पुरेनात. कर्मचारी आणि खाती, विद्यार्थी आणि विषय, सगळं आधीच आवरून ठेवलेलं. त्यात चुकायला वावच नाही, अशी तिची तक्रार. तिला खराखुरा पसारा हवा होता. आणि खराखुरा पसारा तर आमच्या मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेला होता.

आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाची भांडी आईच्या ताब्यात असायची. मोठाली पातेली, पराती, कढया, झारे, पाण्याची पिंपं. कुणाकडे बारसं, साखरपुडा, सत्यनारायण निघाला की आमच्याकडे यायचं, लागतील ती भांडी न्यायची आणि काम झालं की घासूनपुसून परत आणायची. ही सगळी भांडी मंडळातल्या बायकांनीच वेळोवेळी दिलेली, आणि अर्थातच प्रत्येकावर देणारीचं नाव घातलेलं. आपल्याकडे नाव न घालता भांडं देणारी बाई विरळाच.

भांडं परत आलं की आई ते लगेच आत घ्यायची नाही. नळाखाली काठोकाठ भरायची, मागच्या ओट्यावर ठेवायची आणि आणणाऱ्या बाईला चहाला बसवायची. चहा आणि गप्पा आटोपल्या की जाऊन भांड्याखाली ओल आली आहे का ते बघायची. मोठ्या चुलीवर तळ उलला, कडेच्या सांध्याचा डाक सुटला, तर ते वरून दिसत नाही, पाणी भरल्यावरच कळतं. काही बायकांना याचा राग यायचा. आई त्यांना शांतपणे म्हणायची, “माझा तुझ्यावर संशय नाही. भांड्यावर आहे.”

वहिनीने ह्या भांड्यांची टेबलं मांडली. एकात मंडळाच्या बायका, एकात भांडी, आणि तिसऱ्यात कुणी काय नेलं आणि कधी परत आणलं. काळ्या खिडकीला आपली अक्षरं चालत नव्हती म्हणून सगळं मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक वस्तूला एक ओळख लागते, जी दुसऱ्या कुठल्याच वस्तूला नसते, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, त्यात अवघड काय? प्रत्येक भांड्यावर नाव आहेच की. तिलाही ते पटलं. भांड्याची ओळख म्हणजे त्याच्यावरचं नाव, असं ठरवून आम्ही दोघींनी मागच्या खोलीत बसून भांड्यांची माहिती भरायला सुरुवात केली. मी नावं वाचून दाखवायची, ती कागदावर घ्यायची, मग बाहेर येऊन टाइप करायची. दोन डोकी होती, पण नाव वाचताना एकीलाही शंका आली नाही.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींनी यजमानांच्या स्मरणार्थ एक पातेलं आणि एक परात दिली होती. पातेलं मशीनमध्ये बिनबोभाट गेलं. परात भरायला गेल्यावर मशीनने साफ नकार दिला.

“हाई काय शे?” वहिनीच्या तोंडून निघालं. तिच्या आजोळची बोली सटाण्याकडची अहिराणी, आणि ती फक्त खऱ्या आश्चर्याच्या वेळी बाहेर यायची. मग तिने सवयीप्रमाणे ओळ वाचली. ही ओळख आधीच कुणीतरी घेतलेली आहे, असं मशीन म्हणत होतं. मी म्हटलं, एका बाईने दोन भांडी दिली तर ह्याच्या पोटात का दुखतंय? वहिनीने ती ओळ पुन्हा वाचली, आणि ती हसायला लागली. मशीन नाही म्हणाल्यावर ती हसली, असं मी प्रथमच पाहत होते.

“अगं, नाव देणारीचं आहे,” ती म्हणाली. “भांड्याला आपण ओळख दिलीच नाही.”

झालं, सगळी टेबलं मोडून नव्याने मांडली. प्रत्येक भांड्याला नंबर आला. पण नंबर नुसता मशीनमध्ये असून काय उपयोग, तो भांड्यावरही हवा. लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणली आणि इथे मात्र मंडळ पेटलं. आमची नावं असताना नंबर कशाला, आम्ही काय रेशनच्या रांगेत उभ्या आहोत, असं एकीने विचारलं. आईसुद्धा त्यांच्याच बाजूने. मंडळाच्या बैठकीत वहिनी तोवर कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली की नाव तुमचंच राहणार, ते तुमच्या मायेचं आहे. नंबर भांड्याचा. तुमची दोन पातेली असली आणि एक गेलं, तर कुठलं गेलं ते कळायला नको का? थोडं नाक मुरडून, नंबर बाहेरून काठाखाली, आच लागणार नाही आणि पंगतीत दिसणार नाही असा घालायचा ह्या अटीवर, परवानगी मिळाली. रंगवलं आम्ही दोघींनी. आईने ब्रशला हात लावला नाही.

मशीनचं नाही म्हणणं कामाचं असतं, हे मला पटलं ते त्यानंतर. मंडळातली एक बाई सायखेड्याला राहायला निघाली होती, तिचं नाव कमी करायला सांगितलं गेलं. वहिनीने आज्ञा दिली, मशीन अडलं. बघितलं तर बाईंकडे मंडळाचा झारा अजून होता. भांडं दिलेलं असेपर्यंत बाईचं नाव पुसायचं नाही, अशी जोडणी वहिनीनेच करून ठेवली होती आणि तीच विसरली होती. झारा परत आला. आईने तो निरखून बघितला, मग कॉम्प्युटरकडेही तितकंच निरखून बघितलं.

आणि त्याच सुमाराला, ओट्यावर भरून ठेवलेल्या एका पातेल्याकडे बघताबघता वहिनीला ते सुचलं. दुसऱ्या दिवशी टेबलांसमोर बसताना ती म्हणाली, ताई, आज पाणी भरायचं. म्हणजे मुद्दाम चुकीचं भरायचं. नसलेल्या नंबरचं भांडं द्यायचं. मंडळात नसलेल्या बाईला द्यायचं. बाई आहे, तारीख आहे, पण भांडंच नाही, असं द्यायचं. मशीनने अडवलं तर टेबल पक्कं, निमूट घेतलं तर कुठेतरी गळतंय. दुसऱ्याचं काम बिघडवायला मला कुणी आजवर बसवलं नव्हतं, त्यामुळे मी मन लावून ते केलं. माझ्या डोक्यातून निघतील तेवढ्या वाकड्या गोष्टी मी सुचवायची आणि ती टाइप करायची. गळती सापडली की तिचा चेहरा असा खुलायचा, जणू कुणी ओवाळणी घातली आहे. ज्या बाईचे हात एका चुकीच्या ओळीने गोठायचे, ती आता चुका शोधत फिरत होती. माणूस स्वतःला असं बदलू शकतं हे मी त्या बाहेरच्या खोलीत पाहिलं, आणि मला तिचा मनापासून हेवा वाटला.

त्यात भारनियमन. पाणी भरत असताना लाईट जायची आणि कधीकधी सगळा डेटाबेसच गडबडायचा. मी पाय आपटायचे. वहिनीने मात्र टेबलं बनवायच्या सगळ्या आज्ञा एका वेगळ्या फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायला सुरुवात केली. लाईट आली की ती फाइल चालवायची, सगळी टेबलं पुन्हा उभी. इतक्या वेळा ती टेबलं पडली आणि उभी राहिली की दिवाळीच्या फराळाला लागेपर्यंत त्या आज्ञा तिच्या बोटांतच उतरल्या होत्या.

दिवाळी झाली. मीच तिला लुनावरून अंबडला सोडलं आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. आत काय झालं ते तिने मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे नव्हते असं मला वाटतच नाही.

साच्यांचं उदाहरण दिलं होतं. एक कारखाना आपले साचे छोट्या वर्कशॉपना वापरायला देतो आणि परत घेतो, त्याची टेबलं करा. वहिनीला हसू आवरेना. साच्यावर गिऱ्हाइकाचं नाव कोरलेलं असतं, असंही वाक्य त्यात होतं, आणि आजूबाजूच्या मुलांनी तेच नाव ओळख म्हणून घेतलेलं तिला दिसलं. तिने नंबर दिला. चुका झाल्या, त्या तिने ओठांतल्या ओठांत मराठीत वाचल्या आणि दुरुस्त केल्या. वेळ उरला. बाकीचे हाताची घडी घालून बसले होते. ती पाणी भरायला लागली.

नसलेला साचा दिला, मशीन नाही म्हणालं. नसलेल्या वर्कशॉपला दिला, नाही म्हणालं. मग तिने एक साचा आज नेलेला दाखवला आणि परत आल्याची तारीख टाकली कालची. मशीनने काही न बोलता घेतलं. मशीनच्या ‘हो’ला आपण घाबरलो, असं ती सांगते तेव्हा मला अजूनही मजा वाटते. त्याच वेळी परीक्षेच्या त्याच मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं.

“मॅडम, माझ्याकडे इथे गळतंय,” वहिनी म्हणाली.

मॅडमना आधी कळेना. तिने दाखवलं. हे तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, कुणी नाही, माझा टेबलांवर संशय आहे. मग परत येण्याची तारीख नेण्याच्या आधीची असू नये, असा नियम तिने घातला आणि तीच ओळ पुन्हा भरली. मशीनने नकार दिला. मॅडम पुढच्या मशीनकडे गेल्या.

बाहेर आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. परीक्षेत स्वतःची चूक आपणहून दाखवायची, ही कुठली तऱ्हा? येताना रस्ताभर मी तिला बोलत होते आणि ती मागे बसून ऐकून घेत होती. घरी आई दारातच उभी होती. काय झालं, तिने विचारलं.

“गळलं, आई,” वहिनी म्हणाली. “आधी परत आला आणि मग नेला, असं भरलं तरी घेतलं मशीनने. मीच पकडलं.”

“नेण्याआधीच परत आणून देणारी बाई मला तरी अजून भेटली नाही,” आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “तू पकडलंस ना? मग घेतील. गळतं भांडं लपवून मांडणारी माणसं कुणालाच नको असतात.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांकडे फोन आला. वहिनीला घेतलं होतं. मॅडमनी तिला एवढंच सांगितलं की टेबलं आणखीही काही जणांची बरोबर होती, गळती मात्र दुसऱ्या कुणी शोधली नव्हती. वहिनीने रिसीव्हर ठेवला आणि तिथेच, शेजारच्यांच्या सोफ्यावर, ती पहिल्यांदा रडली.

ती कामाला लागली त्याच आठवड्यात मंडळाला एक नवी कढई मिळाली. मी कॉलेजातून आले तर आई शेजारच्यांच्या फोनशी उभी होती आणि वहिनीच्या कंपनीतल्या कुणाला तरी ठणकावून सांगत होती की आमच्या सुनेला बोलवा, काम महत्त्वाचं आहे. वहिनी धावत फोनवर आली असणार, घरी काय झालं ह्या काळजीने. आईने तिला फक्त पुढचा नंबर कुठला ते विचारलं. मग घरी येऊन तिने लाल रंगाची डबी उघडली, कढई पालथी घातली आणि स्वतःच्या हाताने नंबर घातला. आकडा वाकडा आला. मी नीट करून देते म्हटलं, तर तिने ब्रश माझ्या हातात दिला नाही.